ती बास म्हणाली तेव्हा

माझ्या बायकोला वाईट काढलेलं चित्र सहन होत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाही, तिच्याबरोबर संसार केलेला माणूस म्हणून सांगतो. हॉटेलात गेलो की मेनूकार्डावरचा मासा बघून ती म्हणायची, "याला पोहता येणार नाही." मुलीच्या शाळेच्या फाटकावरची चिमणी, दातांच्या डॉक्टरकडचं सूर्यफूल, बसथांब्यावरच्या जाहिरातीतला टोमॅटो, कोणाचीच सुटका नव्हती. तोवर समोरचं जेवण गार व्हायचं आणि मी वैतागायचो. मी मुळातच तापट. ती मला "प्रेशर कुकर" म्हणायची, आणि तेही लोकांसमोर.

ती कोल्हापूरची. चित्रकलेचा डिप्लोमा तिथलाच, मग पुण्यातल्या एका शाळेत ड्रॉइंगच्या बाई. माझ्या नोकरीमुळे आम्ही स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला आलो. माझ्या पदवीला इथे पायघड्या घातल्या गेल्या आणि तिच्या डिप्लोमाला शाळांनी दारातूनच नमस्कार केला. ती रडत बसली नाही. चर्चच्या सभागृहाखालची तळघरातली खोली तिने शनिवारी सकाळपुरती भाड्याने घेतली आणि मुलांचा वर्ग सुरू केला. आधी आमच्याच ओळखीतली मराठी मुलं, मग त्यांच्या वर्गातली जर्मन मुलं, मग त्यांची भावंडं. दोन-तीन वर्षांत बाकं पुरेनाशी झाली.

तिची शिकवायची पद्धत आपल्याकडच्या ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्यांना लगेच कळेल. मुक्तहस्त चित्र. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ, डावीकडे फुलदाणीची अर्धी बाजू. आता उजवी बाजू तिच्याशी जुळवायची. पट्टी नाही, कंपास नाही, नुसता डोळा आणि हात. जर्मन आयांना प्रश्न पडायचा की मुलं दर शनिवारी फुलदाणीच का घरी आणतात. ती त्यांना शांतपणे सांगायची की अजून जुळत नाही म्हणून. मुलाच्या कागदाला मात्र तिने कधी स्वतःची पेन्सिल लावली नाही. स्वतःच्या कागदावर काढून दाखवायची, मुलाची रेघ मुलालाच सुधारू द्यायची.

आमची मुलगी इथेच वाढलेली. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची, आणि यात कोणालाच काही विचित्र वाटत नसे. पुढे तिची जी वाक्यं मी मराठीत लिहिली आहेत, ती सगळी जर्मन होती असं समजावं. ती तेरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शनिवारी वर्गात ती आईला मदत करायची, पाण्याचे डबे भरायची, ब्रश धुवायची. एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, "आईच्या फुलदाण्या वाकड्या येतायत."

एरवी अशा वाक्यावर घरात महाभारत झालं असतं. या वेळी बायकोने नुसती डाव्या हाताने आमटी वाढून घेतली. मला भीती वाटली ती तेव्हाच, पुढे सगळ्या तपासण्यांमध्ये वाटली त्यापेक्षा जास्त.

गाठ डोक्यात डाव्या बाजूला होती, उजवा हात आणि बोलणं जिथून चालतं त्याच्या अगदी शेजारी. पुण्यात असतो तर डॉक्टरांनी मला हळूच बाहेर बोलावलं असतं आणि आत येऊन तिला "काळजी करू नका वहिनी" म्हटलं असतं. इथल्या सर्जन बाईंनी खुर्ची सरळ तिच्याकडे वळवली. मी शेजारी असून नसल्यासारखा. त्यांनी सगळं तिला सांगितलं, तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश जर्मनमध्ये. गाठ पूर्ण निघणार नाही. जितकी जास्त काढू तितकी जास्त वर्षं मिळण्याची शक्यता. आणि जितकं कडेला जाऊ तितका उजव्या हाताला धोका. म्हणून ऑपरेशनच्या मधल्या भागात तिला जागं ठेवायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. ती बोलेल, हात हलवेल, आणि काही बिघडतंय असं दिसलं की त्या थांबतील.

"आणि मी थांबा म्हटलं तर?" बायकोने विचारलं.

"तरीही थांबू," बाई म्हणाल्या. "डोकं तुमचं आहे."

खाली पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर आमचं भांडण झालं. मी गाडी सुरूच केली नाही. मी म्हणालो, हात गेला तर गेला, डावा आहे की. जितकं निघेल तितकं काढू दे त्यांना. ती म्हणाली, "तुझं डोकं गेलं तर तुला चालेल का? पाय आहेतच की." मी म्हणालो, हा विनोद करायचा विषय नाही. ती म्हणाली, मी विनोद करत नाहीये.

मग तिने मला समजावून सांगितलं, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं. "हे बघ, मी सकाळी उठते तेव्हापासून माझा हात काहीतरी काढत असतो. कणकेवर, खिडकीच्या वाफेवर, तुझ्या पाठीवर. तो गेला की जी उरेल तिच्याबरोबर तू वर्षं काढशील, मी नाही. मी बास म्हटलं की बास."

"आणि पोरगी?"

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर काँक्रीटचा खांब होता, दुसरं काही नव्हतं. म्हणाली, "तिच्यासाठीच तर. तिला आई हवी आहे, आईचा फोटो नको." मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलं आहे असं म्हणवत नाही. मला वर्षं हवी होती आणि तिला हात हवा होता, आणि मधे काही तडजोड नव्हती.

पुढची अडचण भाषेची निघाली. ऑपरेशनच्या वेळी पेशंटशी बोलत राहायला, चाचण्या घ्यायला एक मानसतज्ज्ञ बाई असतात. तरुण, केस बारीक कापलेले, अतिशय नेटक्या. त्यांनी सांगितलं की बायकोचं जर्मन चांगलं आहे, पण अर्धवट गुंगीत माणूस आईच्या भाषेवर घसरतो. तेव्हा ती बरोबर बोलतेय की अडखळतेय, हे सांगायला मराठी येणारं कोणीतरी हवं. दुभाष्यांच्या यादीत स्टुटगार्टमधल्या एक मराठी बाई होत्या. कामाचं स्वरूप ऐकून त्यांनी हात जोडले. मग सर्जन बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तर मग," त्या म्हणाल्या, "नातेवाइकाला आम्ही सहसा आत घेत नाही. तुम्हाला रक्त बघवतं?"

"मी इंजिनियर आहे."

"हे उत्तर नाही."

"बघवेल," मी म्हणालो. बायको गालातल्या गालात हसत होती. एकदा कारखान्यात बोट कापलं तेव्हा मी कसा खाली बसलो होतो, हे तिला माहीत होतं. पण ती बोलली नाही.

हाताच्या चाचणीसाठी तिने स्वतःच फुलदाणी सुचवली. डावी बाजू आधी काढून ठेवलेली, उजवी ती टेबलावर पडल्या पडल्या काढेल. रेघ घसरली तर आंधळ्यालाही दिसेल. मानसतज्ज्ञ बाईंना कल्पना फार आवडली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं त्या म्हणत राहिल्या, आणि कागद तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर केलं, जिथे आम्ही पंपांचे भाग काढतो. वक्र एकदम स्वच्छ, मिलिमीटरचाही फरक नाही, सगळ्या प्रती सारख्या. मला त्या कागदांचा अभिमान वाटत होता. त्या दिवसांत मला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

आदल्या दिवशी सराव झाला. बायकोने पेन्सिल उचलली आणि पहिल्याच कागदावर उजवी बाजू डावीपेक्षा वेगळी आली. गळ्याशी आत गेली, पोटाशी जरा बाहेर. दुसऱ्या कागदावर तेच. मानसतज्ज्ञ बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, कालपासून हात जास्त जड वाटतोय का? ऑपरेशनच्या आधीच हात चालला असं मला वाटलं.

बायको माझ्याकडे वळली. "ही डावी बाजू कोणी काढली?"

"मी. म्हणजे कॉम्प्युटरने."

"तरीच. मेलेली आहे. मी कशाला हिच्याशी जुळवू? मी नीट काढली."

मी तो खुलासा जर्मनमध्ये केला तेव्हा मानसतज्ज्ञ बाई आधी गोंधळल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पण हसणं संपल्यावर त्या गंभीर झाल्या. उद्या असं झालं तर मला कसं कळणार, हात बिघडला की तिने सुधारलं? त्यांनी प्रश्न बायकोला केला होता, पण दोघीही माझ्याकडे बघत होत्या. माझी रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. बायकोने मात्र संध्याकाळी बसून सगळ्या डाव्या बाजू स्वतःच्या हाताने नव्याने काढल्या.

दुसऱ्या दिवशी मला आत नेलं तेव्हा ती जागी झालेली होती. डोकं एका चौकटीत पक्कं बसवलेलं, तिच्या आणि माझ्या बाजूला निळ्या कापडाचा तंबू, पलीकडे सर्जन बाई आणि त्यांची माणसं. मला फक्त तिचा चेहरा, उजवा हात आणि हाताखालची फळी दिसत होती. हिरव्या टोपीत आणि मास्कमध्ये तिने मला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, "कुकर आला."

"काय म्हणाल्या त्या?" मानसतज्ज्ञ बाईंनी लगेच विचारलं.

"तिने मला ओळखलं," मी सांगितलं.

आधी चित्रं ओळखायची होती. पडद्यावर एकेक चित्र यायचं, ती नाव सांगायची, मी ते जर्मनमध्ये सांगायचो. चमचा. खिडकी. छत्री. पलीकडून काहीतरी गुणगुणल्यासारखा यंत्राचा आवाज येत होता आणि मधूनच सर्जन बाई "वाइटर" म्हणायच्या, म्हणजे पुढे. गाढवाचं चित्र आलं. बायको थांबली. एक क्षण, दोन क्षण. मानसतज्ज्ञ बाईंनी हात वर केला आणि पलीकडचा आवाज बंद पडला.

"गाढव म्हणायचं असेल त्यांना," बायको म्हणाली. "पण कान सशाचे लावलेत."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. कापडापलीकडे कोणीतरी फस्सकन हसलं. सर्जन बाई म्हणाल्या, "भाषा ठीक दिसते," आणि आवाज पुन्हा सुरू झाला. माझ्या हातमोज्यांच्या आत घाम साचला होता.

मग फुलदाण्या सुरू झाल्या. तिची पेन्सिल कागदावर फिरत होती आणि मी बघत होतो. पहिली जुळली. दुसरी जुळली. तिसरीत गळ्याशी रेघ आत वळली.

"स्टॉप," मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

सगळं थांबलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी रेघेकडे. रेघ वाकडी होती, पण थरथरलेली नव्हती. जिथे वळली तिथे ठामपणे वळली होती. एखाद्या मुलाला दाखवताना ती अशीच वळवायची. तरी मला खात्री नव्हती. चुकीचं सांगितलं तर पलीकडची सुरी पुढे जाणार होती.

मी तिच्या तोंडाजवळ वाकलो. "मुद्दाम काढलीस का?"

"मग काय," ती म्हणाली. "काल संध्याकाळी गळा जाडच काढला मी. घाई झाली."

मी "मुद्दाम" असं सांगितलं. मानसतज्ज्ञ बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की? मी नक्की म्हणालो, आणि काम सुरू झालं. मला एक स्टूल आणून दिलं गेलं.

त्यानंतर बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. ती थकली होती, डोळे मिटत होते, पण हात चालू होता. फुलदाण्या एकामागून एक सरकत होत्या आणि सगळ्या जुळत होत्या. मी मनातल्या मनात सर्जन बाईंना म्हणत होतो, घ्या, अजून घ्या, अजून काढा. इतका हावरट मी आयुष्यात झालो नव्हतो.

आणि एक सुंदर रेघ वरून खाली येत असताना, ती अजून पुरी व्हायच्या आत, बायको हळूच म्हणाली, "बास."

मानसतज्ज्ञ बाईंचं लक्ष कागदावर होतं. त्यांनी मान वर केली. "काही म्हणाल्या का? पाणी हवंय?"

त्या खोलीत तो शब्द कळणारा मी एकटा होतो. मी कागदाकडे बघितलं. रेघेत काहीही खोट नव्हती. कोणालाच काही दिसलं नसतं. मला पाणी म्हणता आलं असतं. इतकंच म्हणायचं होतं, पाणी, आणि पलीकडे काम चालू राहिलं असतं, आणि त्या प्रत्येक मिनिटाचे पुढे महिने झाले असते, असं माझं डोकं हिशेब करत होतं.

तिने डोळे उघडले. "ऐकलंस ना," ती म्हणाली. "बोटं माझी वाटत नाहीयेत. बास."

"श्लुस," मी म्हणालो. "ती म्हणते, आता बास."

पलीकडून सर्जन बाईंचा आवाज आला. "कागदावर काही दिसतंय?"

"नाही," मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "रेघ चांगली आहे."

"इथे अजून एक तुकडा आहे. छोटा. मला घ्यायला आवडेल." मग मला उद्देशून: "तुम्ही विचारा त्यांना. नीट विचारा."

मी विचारलं. नीट विचारलं. मी तिला सांगितलं की अजून छोटासा तुकडा आहे, की रेघ चांगली दिसतेय, की डॉक्टरांना घ्यावासा वाटतोय. माझा आवाज विनवणीचा झाला होता, हे मला माझंच ऐकू येत होतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. वर्गात एखादं पोर उगाच हट्टाला पेटलं की ती तशी बघायची, रागाने नाही, वाट बघत.

"हो, बास," मी सर्जन बाईंना म्हणालो. "नक्की."

उपकरणं ठेवल्याचे आवाज आले. मला बाहेर नेण्यात आलं आणि बाहेर आल्यावर मी कॉरिडॉरमधल्या कचऱ्याच्या डब्यात उलटी केली.

हात पहिले काही आठवडे लुळाच होता. तेव्हा मी तिच्याशी धड बोलायचो नाही. हातही गेला आणि तुकडाही राहिला, म्हणजे दोन्हीकडून बुडालो, असं मला वाटायचं. ती बिछान्यावर बसून रबरी चेंडू दाबत राहायची. मग बोटं हलायला लागली, मग चमचा धरला, मग पेन्सिल. किरणोपचार, गोळ्या, गळलेले केस, सगळं झालं. स्काइपवर माझ्या आईने विचारलं, "सूनबाई, घरात टोपी कशाला घातलीये?" तेव्हा ती म्हणाली, "अहो आई, इथे थंडी फार." आणि उन्हाळा होता. पुढच्या शरद ऋतूत ती तळघरातल्या खोलीत परत उभी राहिली. मुलांनी फुलदाण्या काढून ठेवल्या होत्या. तिने त्या सगळ्या बघितल्या आणि म्हणाली, "सुट्टीत कोणी सराव केलेला दिसत नाही."

दोन-अडीच चांगली वर्षं मिळाली. ती आनंदाची होती असं लोकांना वाटतं, आणि होतीही, पण मी ती कान टवकारून काढली. तिने कप जरा जोरात ठेवला तरी मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचो. दर तीन महिन्यांनी स्कॅन, आणि निकालाच्या आधीचा आठवडा मी घरात कोणाशी सरळ वागायचो नाही. ती मात्र त्याच आठवड्यांत सर्वांत जास्त चित्रं काढायची. माझी काढायची, डोक्यावरून वाफ जाणारी.

मग ती गाठ परत आली. या वेळी बोलण्याच्या बाजूला सरकली होती आणि आता परत उघडण्यात अर्थ नाही असं सर्जन बाईंनी सांगितलं. तेही तिलाच सांगितलं, खुर्ची वळवून. या वेळी मुलगीही बरोबर होती, सोळा वर्षांची. बाहेर पडताना सर्जन बाईंनी मुलीशी हात मिळवला आणि सहज म्हणाल्या, "गेल्या वेळी तुमच्या आईने स्वतः आम्हाला थांबवलं होतं. फार ठाम बाई आहेत." त्यांना वाटलं मुलीला माहीत असेल. आम्ही तिला सांगितलेलं नव्हतं.

मुलगी महिनाभर त्या गोष्टीबद्दल काही बोलली नाही. तोवर आईचे शब्द जायला लागले होते. आधी जर्मन गेलं, मग इंग्रजी, मग मराठीतली वस्तूंची नावं. कळायचं सगळं, तोंडात येत नव्हतं. मग ती पेन्सिल घ्यायची. काय हवं ते काढायची, आणि मी ओळखायचो, चुकीचं. एकदा तिने एक गोल आणि त्यावर ठिपके काढले. मी म्हणालो, चेंडू? मोगऱ्याचं फूल? मग ओरडलोच, मला कसं कळणार? तिने शांतपणे शेजारी मला काढलं, गाढवाचे कान लावून, या वेळी कान बरोबर गाढवाचे. मुलगी जाता जाता म्हणाली, "लिंबू आहे, बाबा. तिला सरबत हवंय." आणि करून दिलं.

मग एका रविवारी सकाळी नाश्ता करताना मुलीचा बांध फुटला. आई टेबलाशी होती, मी पोळ्यांवर तूप लावत होतो.

"ती अर्धवट झोपेत होती," मुलगी मला म्हणाली. "तिथे कोणालाच मराठी येत नव्हतं. फक्त तुला कळलं. तू का सांगितलंस त्यांना?"

मी तूप लावत राहिलो.

"तू गप्प बसायला हवं होतंस. ती अजून बोलत असती. ती मला अजून काही वर्षं..." तिने समोरची बशी दूर ढकलली. "तू नेहमी ओरडतोस. तेव्हाच बरा गप्प नाही राहिलास."

मला तिला सांगायचं होतं की मी पाणी म्हणणार होतो. की रोज माझ्या डोक्यात तेच चालू असतं. पण ते आईच्या समोर कसं बोलणार होतो? मी म्हणालो, "तिने सांगितलं होतं, बेटा." ते किती पोकळ वाटलं ते माझं मलाच कळलं. मुलगी खुर्ची मागे सारून उठली.

बायकोने टेबलावर थाप मारली. मोठी नाही, पण आम्ही दोघंही थांबलो. तिने मुलीकडे बोट केलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे. बस. मुलगी म्हणाली, आत्ता नको. बायकोने पुन्हा बोट केलं. मुलगी धपकन बसली, हात छातीशी घट्ट, तोंड वळवून. बायकोने वही ओढली आणि काढायला लागली.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. चहा गार झाला. मुलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण लहानपणापासून तिला शिकवलेलं होतं की आई काढत असताना हलायचं नाही. बायको मान वर करायची, बघायची, खाली घालायची. तोंडातून एकही शब्द न निघणारी बाई, आणि हात असा चालत होता की मी दाराशी टेकून बघतच राहिलो. एकही रेघ परत काढावी लागत नव्हती. मुलीच्या भुवया, दाबून धरलेला जबडा, नाकपुड्या, खांदे कानापर्यंत चढलेले. राग जसा होता तसा, सगळाच्या सगळा. काही सौम्य केलं नव्हतं, काही समजूत घातली नव्हती.

तिने वही फिरवून मुलीसमोर धरली. मुलगी बघत राहिली. बघता बघता तिचे खांदे खाली आले.

"मी इतकी रागावलेली आहे?" तिने विचारलं.

बायकोने जोरात मान हलवली. हो. मग पेन्सिल उलटी धरून मुलीच्या कपाळावरची आठी तिने अलगद दाबली, आणि मुलगी हसली की रडली ते कळलं नाही, पण आईच्या मांडीवर डोकं घालून बसली. बायकोचा उजवा हात तिच्या केसांवरून फिरत होता, तिथेही काहीतरी काढत असावा.

मी दाराशीच उभा होतो. त्या ऑपरेशनपासून त्या सकाळपर्यंत मी रोज स्वतःला विचारत आलो होतो की मी पाणी का नाही म्हणालो. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं की बरं झालं, मी पाणी म्हणालो नाही. पाच आठवड्यांनी ती गेली.